संगणक द्यायचा तर चालता द्या

विमान कंपन्या परदेशी निघालेल्या अनेक प्रवाशांना २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा नेऊ देतात. कुकर, पोळपाट-लाटणे, गोडा मसाला, मेतकूट आणि मुलांची पुस्तके बसवता बसवताच काटा तेवीसच्या पुढे जातो. नवा लॅपटॉप हातातल्या बॅगेतून जातो. मागे राहतो तो टेबलावरचा डेस्कटॉप, त्याचा मॉनिटर, बॅटरी संपलेला यूपीएस, शाई वाळलेला प्रिंटर, माळ्यावरचे एक-दोन जुने लॅपटॉप, वायफायचा राउटर आणि पिशवीभर गुंतलेल्या वायरी. घर रिकामे करायला आठवडा उरलेला असतो. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, नाहीतर घरातले कुणीतरी म्हणते, "मावशींना विचारा, त्यांच्या मुलाला उपयोगी पडेल."

मावशी नाही म्हणत नाहीत. ज्या घरातून महिन्याचा पगार येतो, त्या घराला नाही म्हणणे त्यांना परवडत नाही. संगणक रिक्षातून त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत जातो. तिथे तो सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन कुणालाच माहीत नसलेला पासवर्ड मागतो. दुरुस्तीवाला नुसते उघडून बघायचे पैसे घेतो, मग एखादा भाग बदलावा लागेल म्हणतो. तेवढे पैसे नसतात. दोन-चार महिने खोलीतली जागा अडवून अखेर तो किलोच्या भावाने भंगारात जातो. एका घरातली अडगळ दुसऱ्या, जास्त गरीब घराच्या खर्चाने भंगारवाल्यापर्यंत पोहोचली, एवढेच यात घडते. देणाऱ्याला मात्र आपण एका मुलाला संगणक दिला असे मनापासून वाटत राहते.

जुना संगणक द्यायलाच हवा. तो माळ्यावर कुजवण्यात काहीच अर्थ नाही. पण तो देणे हे बॅगा भरण्याच्या शेवटच्या आठवड्यातले काम नव्हे. निघण्याच्या तीन महिने आधी ते हातात घ्यावे, यंत्र पूर्ण चालते करून द्यावे, ज्याने मागितले त्याला द्यावे. जे चालणार नाही ते गरजूच्या दारात न ठेवता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावे.

गरज खरी आहे आणि मोठी आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. शाळांची स्थिती सांगणाऱ्या यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार चालू स्थितीतला संगणक असलेल्या शाळा सुमारे ५७ टक्के. मधल्या काळात स्मार्टफोन घरोघरी गेले हे खरे, पण फोनवर सगळे होत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. तो वेग अंगठ्याने येत नाही, त्यासाठी रोज कीबोर्डवर बोटे बसवावी लागतात. टायपिंगच्या क्लासमध्ये मिळणारा वेळ मोजका असतो. घरी दहा वर्षांपूर्वीचा का होईना संगणक असेल, तर पहाटे उठून सराव करणारी मुलगी त्याच्यावर परीक्षा काढू शकते. मराठी टायपिंग, एमएस-सीआयटीचा सराव, ऑनलाइन अर्ज, एक्सेलमधला छोटा हिशेब या कामांना नव्या प्रोसेसरची गरज नाही.

दुसरी बाजू यंत्र तयार होण्याची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ मध्ये हिशेब मांडला होता, की त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची काचनळीचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० किलो पाणी लागते. आजची यंत्रे हलकी झाली असली तरी लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा अजूनही तो वापरण्यात नाही, बनवण्यात आहे. म्हणून चालता संगणक आणखी चार वर्षे वापरात राहिला तर तो पर्यावरणाचाही थेट फायदा असतो. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा झाला, असे २०२४ चा जागतिक ई-कचरा अहवाल सांगतो. हा कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हातोडीने फुटणारे संगणक आणि मुरादाबादेत रामगंगेच्या काठी जाळली गेलेली सर्किट बोर्डे ही या आकड्यामागची दृश्ये. तांब्यासाठी वायरीचे प्लास्टिक जाळले जाते, सोन्यासाठी बोर्डे आम्लात बुडवली जातात, आणि तो धूर तिथे काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या छातीत जातो.

पुढे यात आणखी भर पडली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हार्डवेअर ठणठणीत असलेले असंख्य संगणक एका तारखेला जुने ठरले. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चढवता येते. ती मराठीत चालते, तिच्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतो आणि लिबरऑफिसही सोबत येते. घेणाऱ्याला मात्र आधी विचारले पाहिजे. त्याला टॅली शिकायचे असेल किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर होणाऱ्या परीक्षेची तयारी करायची असेल, तर लिनक्सचा संगणक त्याच्या कामाचा नाही. हा साधा प्रश्न बहुतेक देणारे विचारतच नाहीत.

मग येते भीती. आपले फोटो, बँकेची कागदपत्रे, आधार आणि पॅनच्या प्रती कुणाच्या हाती पडतील म्हणून अनेक जण संगणक कुणालाच देत नाहीत. ही भीती अनाठायी मुळीच नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलात यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू निघालेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय कागद आणि खासगी पत्रे मिळाली. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती, वर्षभराच्या व्यवहारांसकट. घानातल्या जुन्या बाजारात ४० डॉलरला घेतलेल्या एका हार्ड डिस्कमध्ये नॉर्थरॉप ग्रमन या अमेरिकी संरक्षण कंपनीच्या करारांची कागदपत्रे निघाली, हे २००९ च्या एका माहितीपटाने जगाला दाखवले. मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेच्या शाखेने तर जुनी यंत्रे हलवायला सामानाची ने-आण करणारी कंपनी नेमली, जिला माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह लिलावाच्या संकेतस्थळावर विकली गेली आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड बसला.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामे केले किंवा झटपट फॉरमॅट मारला, की माहिती गेली असे घरोघर समजले जाते. प्रत्यक्षात जाते ती फक्त अनुक्रमणिका. पाने तशीच राहतात आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचता येतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे नवी माहिती एकदा जरी लिहिली तरी घरगुती वापरासाठी ते पुरेसे असते. विंडोजच्या रीसेटमध्येही सर्व काढून टाकताना ड्राइव्ह साफ करण्याचा वेगळा पर्याय असतो. त्याला काही तास लागतात, म्हणून घाईत तो टाळला जातो. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीचे तंत्र निराळे. ती आपल्या पेशी सारख्या प्रमाणात झिजाव्यात म्हणून माहिती आतल्या आत हलवत राहते, त्यामुळे वरून लिहिल्याने जुनी माहिती पुसली गेलीच असे नाही. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी, किंवा आधी पूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध करून मग रीसेट करावा.

हे जमणार नाही असे वाटत असेल तर एक सोपा मार्ग आहे आणि घरगुती संगणकासाठी तोच सर्वांत चांगला आहे. जुनी हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि तिच्या जागी लहान क्षमतेची नवी एसएसडी आपल्या पैशाने बसवून द्यावी. भीती पूर्ण संपते. शिवाय फिरत्या डिस्कमुळे पाच-पाच मिनिटे उघडत राहणारा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. विमानाच्या तिकिटांवर खर्च करणाऱ्या कुटुंबाला हा खर्च जड नाही, आणि घेणाऱ्या मुलाला त्याने काही वर्षे मिळतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या परिसरात हे काम करून देणारे मिळतात. त्याच वेळी मदरबोर्डवरचा बटणाएवढा सीआर २०३२ सेलही बदलून घ्यावा. तो संपला की संगणक दर वेळी चुकीची तारीख दाखवतो, सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात आणि नव्या मालकाला वाटते इंटरनेटच बिघडले.

राउटर सहसा विसरला जातो. त्यात घराच्या वायफायचा आणि इंटरनेट सेवेचा पासवर्ड साठवलेला असतो. मागच्या छिद्रात पिन दाबून तो मूळ अवस्थेत आणणे मिनिटाभराचे काम आहे. कार्यालयातल्या मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते. परत दिलेल्या अशाच यंत्रांत रुग्णांची माहिती राहिल्यामुळे न्यूयॉर्कच्या एका आरोग्य विमा संस्थेला २०१३ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक भरावे लागले.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत कुलपाची अडचण वेगळीच असते. नव्या मॅकबुकला मालकाच्या खात्याचे कुलूप लागते, अनेक लॅपटॉपना सुरू होतानाच बायोसचा पासवर्ड विचारायची सोय असते, आणि विंडोजही मालकाच्या ऑनलाइन खात्याशी जोडलेले असते. देणारा गावात असेपर्यंत हे उघडणे सोपे. तो म्युनिकला किंवा टोरांटोला गेला, भारतातले सिम बंद पडले, की ओटीपी येत नाही. खाते कुणाचे, हेही आठवेनासे होते. चांगले चालणारे यंत्र अशा कुलपापायी सुटे भाग काढण्याच्या लायकीचे उरते. म्हणून प्रत्येक खात्यातून बाहेर पडून, यंत्र खात्याच्या यादीतून काढून, पहिल्यांदा विकत आणल्यासारखे उघडते आहे हे डोळ्यांनी बघूनच ते हातचे सोडावे.

मराठी घरांना आणखी एक गोष्ट जपायला हवी, आणि ती गेली तर परत येत नाही. युनिकोड रुळण्याआधी वीसेक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींत टाइप होत असे. आजोबांच्या आठवणी, घराण्याचा कुलवृत्तांत, आईने चालवलेल्या भिशी मंडळाचे अहवाल, पेजमेकरमध्ये मांडलेली दिवाळी अंकाची पाने हे सगळे त्या फॉन्टांत. अशी फाइल नव्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. जुना संगणक, त्यातले फॉन्ट आणि काही प्रणालींना लागणारे यूएसबीचे डोंगल एकत्र असतात तोवरच ती फाइल वाचता येते. संगणक देण्याआधी त्याच यंत्रावर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून घ्यावी, म्हणजे पानाचे रूप टिकते. आणि फॉन्ट-रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये मजकूर काढावा, म्हणजे तो पुन्हा संपादता येतो. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, तेव्हा मूळ पान समोर ठेवून वाचायला वेळ लागतो. तीन महिने लागतात ते यासाठीही. कितीतरी घरांतला कुलवृत्तांत भंगाराच्या टेम्पोतून गेला असेल, ही कल्पनाही अस्वस्थ करते.

शाळेला द्यावे, असे अनेकांना वाटते. भावना चांगली आहे, पण शाळेच्या एका कोपऱ्यात झाकून ठेवलेले वेगवेगळ्या काळातले चार संगणक हे महाराष्ट्रातले ओळखीचे दृश्य आहे. नुसत्या यंत्राने शिक्षण होत नाही याचा मोठा पुरावा पेरू या देशाने दिला. तिथे ग्रामीण शाळांत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेतून भरपूर लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांच्या अभ्यासानंतर २०१२ मध्ये निष्कर्ष आला की मुलांच्या गणितात आणि भाषेत काही सुधारणा दिसली नाही. त्याच योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीतल्या लहानशा एकशिक्षकी शाळेत झाला. तिथे लॅपटॉप आले ते शिक्षकासोबत बसून काम करणाऱ्या माणसासह. वाटप आणि उपक्रम यांच्यातला फरक तिथेच आहे. म्हणून शाळेला फोन करून 'संगणक पाठवतोय' असे कळवू नये. आधी विचारावे: वीज कधी असते, मुलांना बसवणारा शिक्षक कोण, कोणती प्रणाली चालते, किती नग हवेत. भारनियमनाच्या गावात डेस्कटॉपपेक्षा अर्धा-पाऊण तास बॅटरी टिकणारा लॅपटॉप बरा. आणि शाळेने नको म्हटले तर तो नकार मानाने घ्यावा. मोडका संगणक स्वीकारून दप्तरात त्याची नोंद केली, की पुढे तो रद्द करण्यासाठी मुख्याध्यापकांना कागदपत्रांच्या फेऱ्या माराव्या लागतात.

जे चालणारच नाही त्याचे काय? काचनळीचा जुना मॉनिटर कुणालाही देऊ नये. त्याच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसे असते. फुगलेली लॅपटॉप बॅटरी तर घरातही ठेवू नये, ती पेट घेऊ शकते. यूपीएसमधली शिसे-आम्लाची बॅटरी नव्या बॅटरीचे दुकानदार परत घेतात. बाकी वस्तूंसाठी भारतात २०११ पासून ई-कचऱ्याचे नियम आहेत. आजचे नियम २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत वस्तूंची यादी १०६ पर्यंत वाढली आणि ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रण करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारे महाराष्ट्रातही आहेत. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरच्या जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करते. पण वस्तू दिल्यावर पावती आणि नष्ट केल्याचा दाखला मागायला संकोच करू नये. बेसल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत २०० जुन्या उपकरणांत जीपीएस लपवून ती दान-केंद्रांत आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे दिली होती. २०१६ च्या अहवालात त्यांतली जवळपास एक तृतीयांश देशाबाहेर, बहुतांश आशियात गेलेली आढळली.

इथे महापालिकांनीही पुढे यायला हवे. जपानमध्ये ऑक्टोबर २००३ पासून घरगुती संगणकावर पुनर्चक्रणाची खूण असते आणि तो परत घेण्याचे वेगळे पैसे निर्माता मागत नाही. आपल्याकडे नियम उत्पादकाला आकडे गाठायला लावतात, पण कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला आपला संगणक नेमका कुठे न्यावा हे सांगत नाहीत. प्रत्येक मोठ्या शहरात एक असे केंद्र हवे, जिथे संगणक तपासला जाईल, दुरुस्त होण्याजोगा असेल तर आयटीआयची मुले तो दुरुस्त करतील आणि मागणी नोंदवलेल्या विद्यार्थ्याला मिळेल. हिंजवडीतल्या आयटी कंपन्या तीन-चार वर्षांत बदलतात ते लॅपटॉपही तिथे आले, तर मागणी आणि पुरवठा यांची गाठ पडेल. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दर वर्षी लाखो भारतीय बाहेर जातात. त्यांच्या मागे राहणारी यंत्रे लहान संख्येत नाहीत.

तीन महिन्यांचे आणखी एक कारण आहे. संगणकाचे दोष पहिल्या काही आठवड्यांत बाहेर येतात: पंखा आवाज करतो, एक यूएसबी चालत नाही, मराठी कीबोर्ड सापडत नाही. देणारा त्या वेळी गावातच असेल तर रविवारी जाऊन दाखवता येते. जाण्याआधी जवळच्या एखाद्या विश्वासू दुरुस्तीवाल्याशी किंवा नात्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाशी घेणाऱ्याची गाठ घालून द्यावी. आणि एका कागदावर यंत्राचा अनुक्रमांक, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, तारीख लिहून सही करून द्यावी. वस्तीतल्या मुलाच्या हातात लॅपटॉप दिसला की कुठून आणला, असे त्याला विचारले जाते. तेव्हा हा कागद त्याच्याजवळ असला पाहिजे. मूळ बिलाची प्रत आणि चार्जर त्याच पिशवीत ठेवावा. कागदावर भारतातला फोन नंबर न लिहिता चालू राहणारा ईमेल पत्ता लिहावा, म्हणजे वर्षभराने एखादे कुलूप पुन्हा आडवे आले तर त्या मुलाला विचारता येईल.